बाळाचा पहिला फोटो



घरात बाळ आले की दवाखान्यातून घरी पोहोचण्याआधीच फोन वाजू लागतात. 'फोटो पाठवा.' मुंबईहून फुफू मागते, पुण्याहून खाला मागते आणि सगळ्यांत आधी मागतो तो बाळाचा बाप. आपल्या कोकणातल्या कित्येक घरांत तो त्या वेळी कुवेतला, दोहाला किंवा दमामला कामावर असतो. सुट्टी वर्षा-दोन वर्षांनी मिळते. तो घरी येतो तेव्हा बाळ बसू लागलेले असते, कधी कधी चालूही लागलेले असते. बाळाचे हे पहिले दिवस त्याच्या वाट्याला येतात ते फोनवर आलेल्या फोटोंतूनच.

आणि फोटो कसले येतात? रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले, हिरवट रंगाचे. बाळाच्या तोंडावर फोटो काढणाऱ्याच्याच डोक्याची सावली. नाहीतर फिल्टर लावून इतके गुलाबी आणि गुळगुळीत केलेले की नाक कुणावर गेले हेही कळू नये. बापाला नेमके तेच बघायचे असते.

बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचा फोटोग्राफर येत नाही आणि येऊही नये. हे काम घरातली मुलगीच करते. कुणी बाळाची खाला असते, कुणी फुफू, कुणी नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली चुलत बहीण. शाळेतून बाहेर पडलेल्या माझ्या विद्यार्थिनींत अशा दोन-तीन तरी आहेत. एकीच्या हातात नवा कॅमेरा आहे, बाकीच्यांच्या हातात साधा फोन. या महिन्याचा लेख त्यांच्यासाठी. यात दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत. बाळ जसे आहे तसे फोटोत दिसावे, आणि फोटोसाठी बाळाला काहीही सोसावे लागू नये. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

आधी इजाजत

कॅमेरा उघडण्याआधी बाळाच्या आईला विचारा. तिच्या सासूला नव्हे, तुमच्या अम्मीला नव्हे, तिला स्वतःला. ती थकलेली असते, टाके दुखत असतात, रात्रभर जागरण झालेले असते. 'आज नको' म्हणाली तर आज नको. काही घरांत जिवंत माणसांचे फोटो काढत नाहीत, काही घरांत चाळीस दिवस होईपर्यंत बाळाचा फोटो बाहेर जाऊ देत नाहीत. ज्या घरात जी पद्धत असेल तिचा मान ठेवावा. हौस आपली असते, बाळ त्यांचे असते.

घरात फोटो चालत असतील तर दिवस मात्र हातचे घालवू नका. पहिले दोन आठवडे नवजात बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपते आणि पोटात होते तसे हातपाय आखडून, अंग मुडपून झोपते. नंतर ते सैल होते, जागे राहू लागते आणि तो आकार पुन्हा दिसत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. सातव्या दिवशी अकीका झाला की जावळ उतरते. त्या केसांच्या वजनाइतकी चांदी सदका म्हणून देतात, पण ते केस पुन्हा दिसत नाहीत. आईच्या पोटातून आणलेले ते मऊ जावळ, कपाळावर उतरलेली बारीक लव, डोक्याच्या मागचा भोवरा यांचा फोटो काढायचा तर सात दिवसांच्या आतच. अकीका चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी ठरला असेल तर थोडी सवड मिळते. तरी काम लांबवू नका.

घरातला उजेड शोधा

मराठीत आपण 'छायाचित्र' म्हणतो आणि उर्दूत फोटोग्राफीला 'अक्कासी' म्हणतात. एका शब्दात छाया आहे, दुसऱ्यात अक्स म्हणजे प्रतिबिंब. मला मराठी शब्द या कामासाठी जास्त उपयोगाचा वाटतो. चेहऱ्यावर थोडी छाया असल्याशिवाय गालाची गोलाई दिसत नाही. सगळीकडून सारखा उजेड पडला की बाळाचे तोंड पुरीसारखे सपाट दिसते. म्हणून आपल्याला एकाच बाजूने येणारा मऊ उजेड हवा. तो प्रत्येक घरात फुकट मिळतो, खिडकीतून.

एक दिवस आधी घरात फिरून पाहा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला कुठल्या खिडकीतून कसा उजेड येतो ते बघा. उत्तरेकडच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिथे दिवसभर काम करता येते. पूर्वेची खिडकी सकाळी उन्हाची, दुपारनंतर चांगली. पश्चिमेची नेमकी उलट. थेट ऊन येत असेल तर पांढरा पडदा किंवा पातळ पांढरी ओढणी खिडकीला लावा. कडक ऊन त्यातून गाळून दुधासारखे होऊन येते. पावसाळ्यात ढगांनी हे काम आधीच केलेले असते. फक्त उजेड कमी असतो, म्हणून अकरा ते दोनची वेळ धरा.

आता खोलीतले सगळे दिवे बंद करा. ही पायरी नवशिक्या मुली हमखास विसरतात. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा आणि काही ट्यूबलाइटचा हिरवट. तिन्ही एकत्र पडले की बाळाचा एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्याच रंगाचा येतो. मग फोनमध्ये कितीही दुरुस्ती केली तरी जमत नाही.

भिंतीचा रंगही बघा. आपल्याकडे पोपटी आणि गुलाबी रंगाची मोठी आवड. भिंत पोपटी असेल तर तिच्यावरून परतणारा उजेडही पोपटी असतो आणि तो बाळाच्या तोंडावर पडतो. अशा वेळी बाळाची गादी भिंतीपासून लांब सरकवा आणि भिंतीला पांढरी चादर लावा.

बाळ ठेवायचे कुठे? सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे जमिनीवर अंथरलेली जाड गादी. तिथून पडायची भीती नाही. पण खिडकी उंच असेल तर तिच्या अगदी खाली, भिंतीलगत अंधार असतो. गादी चार-पाच फूट पुढे ओढली की उजेड बाळावर येतो. जुन्या घरांत खिडक्या लहान असतात, माजघर काळोखे असते. तिथे ओटीकडचे दार उघडा. दाराचा उजेड थेट जमिनीपर्यंत पोहोचतो. फक्त वारा अंगावर येणार नाही एवढे पाहा.

बाळाचे डोके खिडकीकडे थोडे तिरपे असावे. उजेड कपाळावरून नाकाकडे आणि नाकावरून हनुवटीकडे उतरला पाहिजे. पाय खिडकीकडे असतील तर उजेड हनुवटीखालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात आणि गोजिरवाणे बाळसुद्धा विचित्र दिसते. खिडकीच्या विरुद्ध बाजूला फार काळोख वाटला तर थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा घडी केलेली पांढरी चादर कुणाला तरी धरायला सांगा. तेवढ्याने सावली सौम्य होते.

फ्लॅश वापरू नका. फ्लॅशने बाळाची नजर जाते असे आपल्याकडे म्हणतात. तसे होत नाही. पण अचानक लखकन उजेड पडला की बाळ दचकते, हात फेकते, रडते. शिवाय फोटोही सपाट येतो. खोलीत लोबानची धुरी दिली असेल तर त्या वेळी फोटो नकोच. धुरात फोटो धुरकट येतो हे खरे, पण मुख्य म्हणजे तो धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना चांगला नाही.

पिवळेपणा कॅमेऱ्याचा की बाळाचा?

हा भाग लक्ष देऊन वाचा. दिवे बंद करून, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या दुपट्यावर बाळ पिवळसर दिसले तर फोनला दोष देऊन रंग बदलत बसू नका. आधी बाळाकडे नीट बघा.

पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते. बहुतेकांची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन एक-दोन आठवड्यांत आपोआप जाते. तरी ती डॉक्टरांच्या नजरेखाली असावी. जन्मानंतर २४ तासांच्या आत अंग पिवळे दिसले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा उठवूनही जागे होईना, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे न्यावे. 'कोवळ्या उन्हात ठेवू या, जाईल' म्हणून दोन दिवस थांबू नये. बाळंतिणीची खोली बहुतेक घरांत पडदे ओढून काळोखी ठेवलेली असते आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात पिवळेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोच्या निमित्ताने बाळ दिवसाच्या उजेडात आले आणि ही गोष्ट वेळेवर दिसली, तर त्या फोटोचे मोल वेगळेच.

फोनवर काय करायचे

पहिले काम म्हणजे फोनची काच मऊ सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा काचेवर असला की सगळा फोटो पुसट येतो. मग शटरचा आवाज आणि घंटी बंद करा. ब्यूटी किंवा त्वचा गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद करा.

बाळाच्या तोंडाजवळ फोन नेऊ नका. फोनची नेहमीची भिंग जवळ नेली की नाक फुगते आणि कान मागे पळतात. दोन हात लांब बसा आणि फोनला दुपटीची वेगळी भिंग असेल तर ती वापरा. नुसते बोटांनी चिमटीत ओढून मोठे करू नका, त्याने फोटो फाटतो.

पडद्यावर बाळाच्या गालावर बोट ठेवून थोडा वेळ दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथे बांधले जातात. मग बोट हळूच खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या दुपट्याच्या चुण्या दिसू लागल्या की थांबा. चुण्या दिसत नसतील तर उजेड जास्त झाला आहे. एकाच स्थितीत पाच-सहा फोटो काढा. बाळ झोपेत क्षणात ओठ मुडपते, भुवई उचलते, हसल्यासारखे करते. त्यातला एक मिळून जातो.

नवा कॅमेरा असेल तर

महागड्या भिंगाची गरज नाही. ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी भिंग या कामाला पुरते. मात्र नवीन मुलींना ती पूर्ण उघडी ठेवायचा मोह होतो. एफ १.८ वर जवळून फोटो घेतला की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. एफ २.८ ते एफ ४ ठेवा आणि फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्याच्या पापण्यांवर. शटर १/१२५ पेक्षा हळू नको. झोपलेले बाळ हलत नसले तरी तुमचे हात हलतात. उजेड पुरत नसेल तर आयएसओ ८००, १६००पर्यंत वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तर बिघडत नाही, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. या भिंगा हातभर अंतरापेक्षा जवळ फोकस करत नाहीत. तेव्हा पुढे वाकण्यापेक्षा मागे बसा. अंधारात फोकससाठी जो लहान दिवा कॅमेऱ्यातून चमकतो तोही बंद करा.

हे सगळे बाळासमोर बसून शिकायचे नाही. आदल्या दिवशी सोललेला नारळ ओढणीत गुंडाळून गादीवर ठेवा आणि खिडकीजवळ त्याचे वीस-पंचवीस फोटो काढा. नारळाला डोळे असतातच. डोके फिरवल्यावर सावली कशी फिरते, गादी फूटभर सरकवल्यावर काय फरक पडतो, हे त्यावर छान कळते. हा अभ्यास झाला की बाळाजवळ तुमचा वेळ वाया जात नाही.

या गोष्टी करायच्या नाहीत

१९९६ साली अ‍ॅन गेडेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या छायाचित्रकार बाईंचे 'डाउन इन द गार्डन' हे पुस्तक निघाले. फुलांत, पानांत, कुंड्यांत बसलेल्या, झोपलेल्या बाळांची तिची छायाचित्रे जगभर गाजली. तेव्हापासून टोपलीतले बाळ, झोळीतले बाळ, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून बसलेले बाळ अशा फोटोंची हौस वाढत गेली. आता ती आपल्या फोनवरही येऊन पोहोचली आहे.

हनुवटी हातावर टेकवलेला तो फोटो मुळात एक फोटो नसतो. एका फोटोत कुणीतरी बाळाचे डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे धरलेली असतात. मग दोन्ही जोडून धरणाऱ्याचे हात पुसून टाकतात. नवजात बाळाची मान डोके पेलू शकत नाही. ते घरी करून बघणे म्हणजे बाळाच्या मानेशी आणि श्वासाशी खेळ आहे. झाडाला टांगलेली झोळी, काचेचे भांडे, उंच टोपली, स्टूल यांतले काहीही नको. बाळाला पाठीवर झोपवा किंवा आईच्या हातात असू द्या. त्यापेक्षा वेगळी कुठलीही 'पोज' लागत नाही.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा:

बाळापासून हातभर अंतरावर एक मोठे माणूस सतत बसलेले असावे आणि त्याचे लक्ष फक्त बाळाकडे असावे. फोटो काढणारीने हे काम आपल्याकडे घेऊ नये.

बाळाच्या वर कॅमेरा धरायचा असेल तर पट्टा गळ्यात अडकवलाच पाहिजे. फोन असेल तर त्याला दोरी लावून मनगटात गुंतवा. पलंगावर किंवा खुर्चीवर उभे राहून खाली बाळाचा फोटो काढू नका.

हात साबणाने धुवा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. तुम्हाला सर्दी, खोकला, ताप असेल तर त्या खोलीत पाऊलही टाकू नका. बाळाची पापी घेऊ नका.

बाळाला उघडे करू नका. नवजात बाळाचे अंग पटकन गार पडते. खोली २५ ते २८ अंश गरम असावी, पंखा आणि एसी बंद. तुम्हाला थोडा घाम येत असेल तर खोली ठीक आहे असे समजा. हातपाय गार लागले की फोटो बंद, बाळ आईच्या कुशीत.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून घट्ट बांधू नका, खुब्याच्या सांध्याला त्याने इजा होते. गुडघे बेडकासारखे दुमडायला जागा राहू द्या. नाक-तोंड उघडे आणि दुपट्याची कड हनुवटीच्या खाली.

फोटोसाठी पावडर लावू नका, ती श्वासावाटे आत जाते. डोळ्यांत काजळ तर मुळीच नको. दादी ऐकतच नसतील तर तीट तळपायाला लावा. फोटोत दिसत नाही आणि त्यांचेही मन राहते. जरीचे टोपरे, टिकल्यांचे झबले, सेफ्टी पिन, मणी, सुटी फुले बाळापासून दूर ठेवा. अंगावर लाल पुटकुळ्या असतात, साल निघत असते, नाकावर पांढरे ठिपके असतात. बहुतेक बाळांना हे असते आणि ते जाते. पुसायची किंवा झाकायची गरज नाही.

दूध पाजून, ढेकर काढून, अर्धा तास झाला की बाळ गाढ झोपते. तेव्हा काम सुरू करा आणि वीस मिनिटांत आवरा. बाळ उठले, रडले तर तो दिवस संपला. उद्या पुन्हा खिडकी आहेच.

दूर असलेल्या बापासाठी आठ फोटो

शंभर फोटो पाठवण्यापेक्षा विचार करून आठ पाठवा.

एक, पूर्ण बाळ वरून, दुपट्यात. बाळ केवढे आहे हे कळण्यासाठी. दोन, चेहरा बाजूने, खिडकीच्या उजेडात. नाक आणि कपाळ कुणाचे हे यातच दिसते. तीन, डोळे उघडे असताना. नवजात बाळाला २०-३० सेंटिमीटरवरचेच नीट दिसते, म्हणून आई तेवढ्या अंतरावर असेल तर ते तिच्याकडे टक लावून बघते. त्या वेळी बाजूने काढा. चार, जावळ आणि भोवरा. पाच, पाऊल. सहा, मूठ. बाळाच्या तळहातात बोट ठेवले की ते आपोआप घट्ट धरते. तिथे दादीचे सुरकुतलेले बोट असू द्या. एका फोटोत घरातल्या दोन टोकांच्या पिढ्या येतात आणि मुलाला आपल्या आईचा हातही बघायला मिळतो. सात, बापाचा जुना, मऊ झालेला, धुतलेला सुती सदरा गादीवर पसरून त्यावर बाळ. बटणे खालच्या बाजूला दुमडा. त्याला तो सदरा लगेच ओळखू येईल.

आठवा फोटो आईचा. हा नेहमी राहून जातो. बाळाचे जुने अल्बम उघडून बघा. बाळ काकांच्या मांडीवर आहे, शेजारणीच्या हातात आहे, आई कुठेच नाही. ती तेव्हा एकतर झोपलेली असते, नाहीतर स्वयंपाकघरात, नाहीतर 'माझा नको, मी कशी दिसते' म्हणून बाजूला झालेली. पुढे वीस वर्षांनी मूल विचारते, 'अम्मी, तू कुठे होतीस?' तेव्हा तिला थोडा वेळ द्या. तोंड धुऊन, ओढणी नीट घेऊन तिला खिडकीजवळ बसवा. बाळ खांद्याशी. तिला चेहरा द्यायचा नसेल तर नुसता तिचा हात बाळाच्या पाठीवर, किंवा तिच्या पाठीमागून खांद्यावरचे बाळ. ओढणीआडूनही आई दिसते. दूध पाजतानाचे फोटो काढू नका. तिने स्वतः सांगितले आणि तिच्याच फोनवर राहणार असले तरच काढावेत.

फोटो अमानत आहे

काढलेले सगळे फोटो आधी आईला दाखवा. ती म्हणेल ते ठेवा, ती म्हणेल ते तिच्यासमोर पुसा. मग तिनेच ते बाळाच्या बापाला पाठवावेत. पहिल्यांदा त्याने बघावे आणि मग गावाने.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा जातो. मोठा करून बघणाऱ्या बापाला हा फरक कळतो.

स्टेटसला लावायचा की नाही, हे आईबापांनी ठरवावे. खालाने आणि फुफूने नाही. स्टेटस चोवीस तासांनी जाते असे आपण म्हणतो, पण तेवढ्यात कुणी तो फोटो उतरवून घेतला तर तो कुठे फिरेल याचा पत्ता लागत नाही. कपडे नसलेल्या बाळाचा, आंघोळीचा फोटो घराबाहेर जाऊ देऊ नये. बाळाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि दवाखाना एकाच फोटोवर लिहून टाकू नये. दवाखान्यातली मनगटपट्टी दिसत असेल तर तिच्यावरचा मजकूरही वाचता येतो, हे लक्षात असू द्या. बाळाला अजून बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण नाही म्हणायचे.

आणि फोटो छापून ठेवा. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, भरला म्हणून मुले त्यातले फोटो पुसतात. ४ बाय ६ इंचाचा चांगला फोटो छापायला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे आजच्या कुठल्याही फोनचा फोटो चालतो. मागे पेन्सिलीने बाळाचे नाव, तारीख आणि कितवा दिवस ते लिहा. आठांतले तीन-चार तरी छापा. एक प्रत घरी, एक नानीकडे आणि एक गल्फला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून बापाकडे. खोलीत पाचजण राहतात तिथे कपाटाच्या आतल्या बाजूला तो फोटो चिकटलेला असतो.

ज्यांना यातून कमवायचे आहे

काही मुलींना हे काम शेजारीपाजारी करून चार पैसे मिळवायचे आहेत. चांगली गोष्ट आहे. बायकांच्या खोलीत बाईच फोटो काढणार असेल तर पुष्कळ घरांना ती हवीच आहे. सुरुवात घरातल्या आणि नात्यातल्या बाळांपासून करा. किती फोटो देणार, किती पैसे घेणार, किती दिवसांत देणार हे आधी बोला. जाताना सोबत आई किंवा बहीण असू द्या, बाळाजवळ बसायलाही ती उपयोगी पडते. आईबापांनी लिहून दिल्याशिवाय त्यांच्या बाळाचा फोटो आपल्या जाहिरातीत लावू नका. आणि 'इंटरनेटवर आहे तसा टोपलीतला काढून दे' असा कुणी आग्रह धरला, तर काम सोडून द्या. त्या घराचे पैसे गेले तरी चालतील.

अल्लाह तुमच्या घरातल्या लेकरांना सेहत आणि लांब आयुष्य देवो. बाळंतिणींना आराम देवो आणि दूर देशी राबणाऱ्या बापांना लवकर सुखरूप घरी आणो. आमीन.